बारा गाड्यांचं वंगण

त्या दिवसांत मला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक माझी बी.एस्सी.ची पदवी आणि दुसरी माझी नायलॉनची साडी. दोन्ही कोऱ्या करकरीत होत्या आणि दोन्हींतून वारा म्हणून आत येत नव्हता.

जालना तेव्हा जिल्हासुद्धा झाला नव्हता, आम्ही सगळे औरंगाबादचेच म्हणवायचो. मी अंबडची. नोकरी लागली ती कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या एका गावात, हायस्कूलवर विज्ञानाची बाई म्हणून. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि त्यांची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे.

आठवीला शिकवायला पहिलाच धडा आला तो बलाचा. आरशासमोर उभी राहून मी त्याची तालीम केली होती. वर्गात गेले, पदर खोचला आणि दोन्ही हात लावून भिंत ढकलायला लागले. चांगली तोंड लाल होईस्तोवर ढकलली. मग गर्रकन वळून विचारलं, "आता सांगा मुलांनो, काय घडलं?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई दमल्या."

"अरे, भिंतीला काय झालं?"

"तिला काय व्हतंय? थोडा पोपडा निघाला."

मी हार मानणाऱ्यातली नव्हते. दुसऱ्या दिवशी गुरुत्वाकर्षण घेतलं. पुस्तकात सफरचंद होतं. आमच्या गावात सफरचंद फक्त दवाखान्यातून परत आलेल्या माणसाच्या उशाशी दिसायचं, म्हणून मी बोर नेलं.

"पिकलेलं बोर झाडावरून खालीच का येतं?"

"पोरं दगडं मारत्यात म्हणून, बाई."

"आणि कोणी दगड नाही मारला तर?"

"मंग पाखरं खात्यात. खाली यायला राहतंय कुठं?"

हेडमास्तर व्हरांड्यात उभं राहून हे सगळं ऐकत असायचे. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेला माणूस. काळी टोपी, पांढरं धोतर आणि बोलण्यात निम्मी हैदराबादी. मला म्हणाले, "बाई, आम्ही ह्याला कशिश म्हणायचो. ऐकायला तरी गोड. तुमचं गुरुत्वाकर्षण म्हणून होईपर्यंत बोर पडून सडून जाईल."

जडत्वाचा प्रयोग तर मी त्यांच्याच टेबलावर केला. टेबलावर कापड, कापडावर त्यांची कपबशी. कापड झटक्यात ओढलं की कपबशी जागच्या जागी राहते असं पुस्तकात छापलं होतं. पुस्तकातली कपबशी रिकामी असावी. हेडमास्तरांनी धोतर झटकलं, आणि एवढंच विचारलं, "बाई, विद्युत कधी शिकवणार तेवढं आधी सांगा. मी रजा टाकीन."

घर्षण मात्र जमलं. त्याचं श्रेय मी त्या काळी स्वतःकडे घेतलं, पण खरं श्रेय बैलगाडीचं. वंगण सुकलेलं चाक कसं रडतं आणि बैल कसे फेसाळतात, हे त्या पोरांना चालायला लागण्याआधीपासून ठाऊक होतं. मी चाक आणि चाकातून जाणारा आख फळ्यावर काढला आणि पोरं एकदम सरसावून बसली. मला इतका जोर चढला, की मी निवडणुकीतल्या पुढाऱ्यासारखी ओरडले, "घर्षण हा माणसाचा कोण?"

"शत्रू!"

"आणि वंगण?"

"दोस्त!"

शेजारचा सातवीचा वर्ग भूगोल सोडून खिडकीत गोळा झाला.

तास संपल्यावर एक मुलगी मागं राहिली. एरवी तिचा आवाज फक्त हजेरीत ऐकू यायचा. परकराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, एक इचारू? ओढणाऱ्याचा जोर कमी झाला आन् गाडी तेवढीच जड राह्यली, तर कसं करावं?"

काय सांगू माझा आनंद! आठवीतली मुलगी एवढा मूलभूत प्रश्न विचारते, म्हणजे शिकवणारी किती थोर! मी खडू उचलला आणि 'समजा' म्हणून सुरुवात केली. चांगलं दोन फळे भरतील एवढं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तसं न्हाई, बाई," ती म्हणाली. "आबा म्हातारे झालेत."

मग कळलं. तिचे आबा, म्हणजे आजोबा, गावच्या खंडोबाचे भगत. चंपाषष्ठीला त्या गावात बारा गाड्या ओढायचा रिवाज होता. गावातल्या बारा घरांच्या बारा बैलगाड्या, बैल सोडून, एकीमागे एक दोरांनी बांधायच्या. त्यांत माणसं खचाखच भरायची. पुढच्या गाडीचा दोर भगतानं कमरेला बांधायचा आणि पारापासून देवळापर्यंत सगळी वरात ओढत न्यायची. अंगात देव असला की गाड्या येतात. गाड्या अडल्या तर देव दुसरं अंग शोधून राह्यला, असं गाव समजायचं.

मागच्या वर्षी गाड्या दोनदा अडल्या होत्या. आबांचा गुडघा गेल्ता. तिच्या चुलत्यानं तेव्हाच चार माणसांत म्हटलं होतं, "पुढच्या साली दोर मला द्या." चुलता वाईट नव्हता. कल्ले वाढवलेला, दंडात ताईत बांधलेला, रोज तालमीत घुमणारा गडी. पण त्या घरात ज्याच्या कमरेला दोर, त्याचाच शब्द चालायचा.

"काकानं शहागडला ट्रकवाल्याच्या घरी माझ्या लग्नाची गोष्ट काढली," मुलगी म्हणाली. तिला वडील नव्हते. "आबा म्हणत्यात, पोरगी शिकंल. आबांनी ओढल्या तर आबांचं चालंल. न्हाई ओढल्या तर..." आणि पुन्हा परकर बोटाला गुंडाळायला लागली.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? आबांना जाऊन भेटली असती, चुलत्याशी बोलली असती, हेडमास्तरांना मध्ये घातलं असतं. मी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाले, "विज्ञान कशाला आहे मग?"

ती जराशी घाबरली. "देवाला राग यील का, बाई?"

"देवाला काय वंगणाचं वावडं आहे?" मी म्हणाले. हे वाक्य मला इतकं आवडलं, की घरी जाऊन मी ते आरशासमोर पुन्हा म्हणून पाहिलं.

बेत सोपा होता. ज्या बारा घरांच्या गाड्या मानाच्या, त्यांतल्या बहुतेक घरांतलं एकेक पोर माझ्या वर्गात होतं. गावची खोड अशी, की मानाला गाडी द्यायची तर घरातली सगळ्यात मोडकी द्यायची. चांगली गाडी शेतात कामाला, रडकी गाडी देवाला. तिचा आख कोणी वर्षवर्ष पुसत नसे. म्हणून मी सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला. घरच्या मानाच्या गाडीचं चाक काढा, जुना मळ खरवडा, आख पुसा आणि भरपूर वंगण घाला. ज्याच्या घरची गाडी नाही त्यानं शेजाऱ्याची घ्यावी.

"भरपूर म्हंजी किती, बाई?"

"जेवढं जास्त, तेवढं बरं. घर्षण हा आपला कोण?"

"शत्रू!"

पोरांना अभ्यास म्हणून गाडीचं चाक काढायला मिळालं, आणखी काय पाहिजे? गावभर पोरं आखाखाली लोळू लागली. एरंडेल, जळकं ऑइल, कुणी तर मोटेच्या चाकाचं राखून ठेवलेलं वंगण पळवलं. दोन आया शाळेत भांडायला आल्या. एकीनं पोराचा सदरा माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाली, "बाई, हे पोरगं शिकून राह्यलं का गाडीखाली सापडून राह्यलं?" मी तिला घर्षण समजावलं. तिनं मला साबणाचा खर्च समजावला.

चंपाषष्ठीला सकाळपासून डफ वाजत होता. ऊन कोवळं होतं, सगळीकडे भंडारा उधळलेला, माणसांचे चेहरे पिवळे. मी ठेवणीतली नायलॉनची साडी नेसले. प्रयोग माझा होता, निरीक्षण करायला नको? हेडमास्तरांना आणि मला मानानं शेवटच्या गाडीत बसवलं. बायका खरं तर गाडीत बसत नसत. पण मी सांगितलं, की मी बाई नाही, शिक्षक आहे. त्यावर गाडीतले दोन म्हातारे एकमेकांकडे बघून जरा सरकले.

पारापासून देवळापर्यंत जमिनीला थोडा उतार होता. देवळापुढे तो वाढत ओढ्यापर्यंत जायचा. हा उतार मी बघितला होता. मला त्याचा आनंदही झाला होता. आबांना तेवढीच मदत, असं मी मनाशी म्हटलं होतं. देवळाच्या पुढचा विचार करायची मला गरज वाटली नाही, कारण गाड्या देवळापाशी थांबतात हे सगळ्यांना माहीत होतं. गाड्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

आबांना वाजतगाजत आणलं. अंगभर हळद, डोक्याला मुंडासं, गुडघ्याला रुईची पानं बांधलेली. बाजूला चुलता चालत होता, हात मोकळे ठेवून. म्हातारा अडखळला की दोर घ्यायचा, हा बेत त्याच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होता. माझ्या वर्गातली ती मुलगी देवळाच्या ओट्यावर खांबाला धरून उभी होती. इतक्या लांबूनही मला तिची मूठ दिसली.

"येळकोट येळकोट!" गाव गरजलं.

आबांनी वर्षभराचा साठवलेला सगळा जोर एकदम लावला. मोडक्या, रडक्या, अडणाऱ्या गाड्यांसाठी लागतो तेवढा. आणि गाड्या वासरासारख्या आल्या.

आबा तोंडावर पडता पडता वाचले. दोर ढिला झाला, त्यांनी मागं वळून पाहिलं. मग चार पावलं टाकली. गाड्या आल्या. एकही चाक कुरकुरलं नाही. बारा गाड्या आवाज न करता चालताना त्या गावानं कधी बघितल्याच नव्हत्या. मग जो गलका उठला!

"देव आला! देव आला!"

मी उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर गाडीचा कठडा धरून म्हणाले, "बाई, बसा. जरा जल्दी चालल्यासारखं वाटून राह्यलं."

आबा आता भराभर चालत होते. मग त्यांनी पुन्हा मागं पाहिलं आणि धावायला लागले. ज्या गुडघ्याला वैद्यानं जवाब दिला होता, तो गुडघा पोरासारखा वर येत होता. पुढच्या गाडीचं जू धरून चालणारी माणसंही पळत होती, सोडावं तर गाडी अंगावर, धरावं तर दम जातो. चुलता काही वेळ बाजूनं पळाला. मग दोन गाड्यांच्या मधला दोर टणकन ताणला गेला तेव्हा त्यानं जवळच्या निंबाचा आसरा घेतला. चांगला वरच्या फांदीपर्यंत घेतला.

देऊळ आलं. आबांनी कमरेची गाठ सोडली आणि एका उडीत ओट्यावर चढले. नातीनं त्यांना मिठी मारली. रिवाजाप्रमाणे सगळं इथं संपायला पाहिजे होतं.

गाड्या देवळापुढून निघून गेल्या.

आमच्या गाडीतून ओट्यावरचे आबा, त्यांची नात, भंडारा, नारळ, सगळं दिसलं आणि मागं पडलं. मुलीनं माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. काय करणार?

"बाई," हेडमास्तर म्हणाले. आवाज शांत होता, टोपी दोन्ही हातांनी धरलेली. "ह्याला काय म्हणतात?"

"जडत्व, सर."

"हे थांबतं कधी?"

"बाहेरून दुसरं बल लागलं की, सर."

"ते कुठं मिळंल?"

ते ओढ्यात मिळालं. ओढ्याच्या पात्रात ओली वाळू होती. पहिली गाडी तिच्यात रुतली, दुसरी तिच्यामागं, आणि अशा एकेक करून बाराही गाड्या म्हशी पाण्यात बसतात तशा आरामात बसल्या. गाड्या थांबल्या. मी थांबले नाही. जडत्वाचा नियम मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिला होता, पण एवढा सविस्तर तो मला तेव्हाच कळला. दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून जाऊन मी वाळूत बसले. हेडमास्तर माझ्या शेजारी आले. त्यांची टोपी आमच्या दोघांच्या पुढे गेली.

कोणाला लागलं नाही, हे आधी सांगते. खरचटलं सगळ्यांना. हेडमास्तरांचं कोपर मुरगळलं. माझी नायलॉनची साडी मात्र गेली. तिच्यावर वंगण, वाळू आणि भंडारा असा तिरंगा उमटला होता.

गाव धावत ओढ्यात उतरलं, पण आम्हाला काढायला नाही. भंडारा उधळायला. आबांना खांद्यावर घेतलं होतं. "असा देव बापजन्मात आला न्हाई! देवळावरून पुढं, पार ओढ्यापर्यंत गेला!" म्हाताऱ्या बाया गाड्यांच्या चाकांना हळद लावत होत्या. आबा खांद्यावरून इकडेतिकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून कुठं पाहिलं नाही. भीती, दम आणि आपण अजून आहोत याचं नवल. त्यांना वंगणाचं काही माहीत नव्हतं. त्यांच्यापुरता देवच आला होता.

निंबावरून उतरलेला चुलता तेवढ्यात तिथं पोचला. तो एका चाकाजवळ वाकला, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग त्याची नजर पोरांकडे गेली. माझा सगळा वर्ग तिथं उभा, एकूण एक कोपरापर्यंत काळा. नात सगळ्यांत काळी.

"हे वंगण कुणी घातलं गं?" त्यानं विचारलं. "कामून घातलं?"

मुलीचं तोंड उतरलं. मी वाळूतून उठले, तोंडातली वाळू थुंकली आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं. शाळेचा गृहपाठ आहे. सरकारी अभ्यासक्रमात आहे."

हे बिलकुल खरं होतं. सरकारचं नाव काढल्यावर चुलता गडबडला. डफाच्या गलक्यात हे गावाला ऐकू गेलं नाही, पण सरपंच मागं उभे होते. ते बेरकी माणूस. त्यांनी सगळ्या गावासमोर विचारलं, "बाई, तुम्ही पोरांना सांगता म्हणं, जगात सगळ्याला कारण असतं. मंग सांगा की, ह्या गाड्या अशा कशा पळाल्या? तुमच्या विज्ञानात ह्याला काय म्हणत्यात?"

गाव पुढं सरकलं. डफ थांबला.

मला उत्तर येत होतं. नुसतं येत नव्हतं, जिभेच्या टोकावर आलं होतं. आकृतीसह येत होतं. जिनं, म्हणजे मी, जन्मभर कुणी न विचारता उत्तरं दिली होती, तिला पहिल्यांदाच अख्ख्या गावानं हात जोडून प्रश्न विचारला होता. ओढ्याची वाळू म्हणजे आयता फळा होता. मी खाली वाकून काडीसुद्धा उचलली.

मग मी मुलीकडे पाहिलं. आबांना एव्हाना खाली उतरवलं होतं. ती त्यांच्या मागं उभी होती आणि तिनं आबांचं बोट धरलं होतं. एवढी मोठी आठवीतली मुलगी, लहान पोरासारखं.

मी काडी टाकून दिली. ती हातातून सुटता सुटत नव्हती, हे कबूल करते.

"आमच्या पुस्तकात एवढं दिलेलं नाही हो," मी म्हणाले. "आम्ही फक्त आठवीपर्यंतचं शिकवतो."

"बराबर बोलल्या!" हेडमास्तर वाळूतूनच ओरडले. ते अजून उठले नव्हते. "सायन्सची एक हद असते!" आणि मग माझ्याकडे बघून अगदी हळू, उर्दूत काहीतरी म्हणाले. त्याचा अर्थ मी विचारला नाही. शाबासकी असावी, किंवा शिवी.

गाव खूश झालं. बाईंनी हात टेकले म्हटल्यावर देवाचा आणखी मान वाढला. डफ पुन्हा सुरू झाला. आबांना पारावर नेऊन बसवलं, आणि तिथं त्यांनी ओढ्यातून गाडीचा दोर मागवून चुलत्याच्या हातात दिला. सगळ्यांसमोर. "पुढच्या साली तू ओढ," म्हणाले. "माझं झालं. देवानं मला पळवून दाखवलं, आता आणखी काय पाहिजे? पण पोरीची शाळा सुटायची न्हाई. ट्रकवाल्याला निरोप धाड."

चुलता दोर हातात धरून उभा राहिला. इतके दिवस मागितलेला दोर. गाव त्याच्याकडे मोठ्या आशेनं बघत होतं. "आता तर ह्याचं अंग जवान हाय," कुणीतरी म्हणालं, "हा गोदावरीपर्यंत नेतो!" चुलत्यानं एकदा निंबाकडे पाहिलं.

"धाडतो निरोप," तो म्हणाला. "आबा, तुम्ही आणखी एक साल ओढून बघा ना."

सोमवारी मुलगी शाळेत आली. परकराला वंगणाचे डाग तसेच होते, हात मात्र राखेनं घासघासून लाल झाले होते. ती पहिल्या बाकावर बसली. माझ्या अंगावर सुती पातळ होतं, शेजारणीकडून मागून आणलेलं. मी पुस्तक उघडलं, पुढचं पान काढलं आणि फळ्यावर लिहिलं, घर्षणाचे फायदे.

एकही पोर हसलं नाही. सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या. तेवढ्यात दार वाजलं. हेडमास्तर मुरगळलेला हात गळ्यात अडकवून आत आले, मागच्या बाकावर दोन पोरांना सरकवून मध्ये बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चालू द्या, बाई," ते म्हणाले. "सावकाश शिकवा. काही सोडू नका."